सतरावं नाव

आधीच सांगतो. ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मामांसोबत घडलेली आहे. ज्याला पटणार नसेल त्याने इथूनच परत फिरावं, मला कोणाशी वाद घालायचा नाही.

आणि अजून एक. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. जे झालं ते लख्ख उन्हात झालं. सोमवार, १५ जानेवारी २०२४. संक्रांतीचा दिवस, सकाळचे साडेअकरा. इंदूरहून देपालपूरकडे जाणारा रस्ता, शहर संपून गव्हाची शेतं लागतात तिथलं एक मोकळं मैदान.

तीस-बत्तीस माणसं तिथे उभी होती. सगळ्यांनी ऐकलं.

पाहिलं मात्र कोणीच नाही...

माझे मामा, देवदत्त हजरनीस. वय पंचावन्न. इंदूरच्या पलासियात एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. आडनाव उगाच पडलेलं नाही. होळकरांच्या फौजेत माझ्या आजोळच्या पूर्वजांकडे हजिरीचं काम होतं. सकाळ-संध्याकाळ शिपायांची नावं पुकारायची, कोण आहे, कोण नाही, ते लिहायचं. मामांना त्याचा भारी अभिमान. क्लासच्या पोरांना सांगायचे, "हाजरी तो हमारे खून में है भिया."

आणि हजिरी घेताना मान वर करायची नाही, ही त्यांची ऐट. नजर वहीत, कान बाहेर. "मला आवाजावरून कळतं," म्हणायचे. "तीस वर्षं झाली. एकदाही चुकलो नाही."

आमच्या इंदिराआत्याला हे अजिबात खपायचं नाही. मामांची ती आत्या, पण साऱ्या खानदानाची आत्याच. शाळेतून रिटायर झालेली, एकटी राहते, सिरियल बघते आणि सगळ्यांना फैलावर घेते. लहानपणी आम्ही मांडूला नाहीतर ओंकारेश्वरला निघालो की ती गाडीत चढून प्रत्येकाची हनुवटी वर करायची. तोंड बघायची, मगच पुढे.

"हजिरी घ्यायची तर तोंड बघून घ्यायची. आवाजाला हजिरी नसते."

का, ते तिला विचारलं तर म्हणायची, आपल्या घरात असंच आहे. तिच्या आत्याने तिला तेवढंच सांगितलं होतं. मामा हसायचे. आम्हीही हसायचो.

आता हसत नाही.

तर झालं असं. मामांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या, मुकुलच्या, डोक्यात एक आयडिया आली. मुकुल कॉलेजात इतिहास शिकवतो. मराठी मंडळाच्या महोत्सवासाठी त्याला छावणी उभी करायची होती. म्हणजे भाले-तलवारी घेऊन नाचणं नाही. एका लांबलेल्या वेढ्यात साधा शिपाई रोज कसा जगत होता, ते दाखवायचं. कॉलेजच्या पोरांनी दहा दिवस तिथेच राहायचं. पहाटे उठायचं, घोड्यांसाठी गवत कापायचं, तीन धोंड्यांच्या चुलीवर स्वतःची भाकरी स्वतः भाजायची, फाटके जोडे शिवायचे, पाण्याला रांग लावायची, टोपल्यांनी माती वाहायची. लोक तिकीट काढून येतील आणि बघतील.

"सर, वेढा म्हणजे लढाई नाही," तो मामांना म्हणाला. "लढाई एखादा दिवस. बाकी सात महिने नुसतं वाट बघणं."

मामांनी घरातला जुना कागद काढून दिला. मोडीतली हजिरीची यादी, त्याच सात महिन्यांच्या वेढ्यातली. किल्ल्याचं नाव मी लिहिणार नाही. मुकुलने ती यादी बसून वाचली, आपल्या लिपीत टाइप केली. बत्तीस नावं. त्याने ठरवलं की छावणीतल्या प्रत्येक पोराला यातलं एकेक नाव द्यायचं. दहा दिवस त्याच नावाने जगायचं, हजिरीत त्याच नावाने ओ द्यायची. आणि हजिरी घेणार कोण? खुद्द हजरनीस.

फक्त सतरावं नाव सोडायचं ठरलं. त्यावर आडवी रेघ होती.

निंबाजी बिन रायाजी. बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं... फितूर होऊन किल्ल्यात गेला.

गद्दाराचं नाव कोण घेणार? एकतीस नावं, एकतीस पोरं. मामांनी एकेकाच्या आईवडिलांना फोन करून हमी दिली, "मोजून नेतो, मोजून आणतो." मामा शब्दाचे पक्के. ती हमी त्यांनी मनावर घेतली होती.

पहिल्या सकाळची हजिरी. सात वाजले होते, थंडी मरणाची. पोरं रांगेत कुडकुडत होती. मामा नेहमीसारखे मान खाली घालून नावं पुकारत गेले. चौदा, पंधरा, सोळा... आणि सवयीने सतरावंही पुकारून बसले.

"निंबाजी बिन रायाजी."

"हजर."

तंबूंच्या मागून आवाज आला. जाडाभरडा. जरा उशिरा आलेला, धावत आल्यासारखा.

सगळी पोरं खो-खो हसली. मामांना वाटलं मुकुलने टिंगल केली. मुकुलला वाटलं पोरांनी केली. पोरांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी चुली मोजल्या तर एक जास्त निघाली.

तीन-तीन पोरांत एक अशा दहा चुली, आणि उरलेला एक पोरगा आणि मुकुल मिळून एक. अकरा हव्या होत्या. बारावी सुरुंगाच्या तोंडाशी होती. सुरुंग म्हणजे आमचा खोटा. किल्ल्याच्या भिंतीखाली बोगदा खणून दारू ठासायचे ना, तसा देखावा. रघुवीर नावाच्या जेसीबीवाल्याने चाळीस फूट लांब, माणूसभर खोल चर खणून दिला होता. पुढचा भाग उघडा. शेवटच्या पंधरा फुटांवर लोखंडी पत्रे टाकून वर माती ओढलेली, म्हणजे आत गेलं की अंधार. त्याच्या तोंडाशी तीन धोंडे आणि राख.

मामांनी राखेला हात लावला.

गरम होती...

समोरच्या ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती. आत गेलेली. बाहेर आलेली एकही नव्हती. मामा आत बॅटरी मारून आले, कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शमिका आली. शमिका म्हणजे मामांची मुलगी. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेली, एकुलती एक. मामांचा जीव की प्राण. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, सबमिशन आटोपून दोन दिवस उशिरा पोचली. नावं संपली होती.

"एक आहे ना शिल्लक," ती म्हणाली. "सतरावं. मला गद्दारच व्हायचंय यार, तेवढाच रोल इंटरेस्टिंग आहे."

मामांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी आत्याला फोन लावला. आत्याने आधी सिरियलचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "ते नाव आपल्या घरात कोणी घेत नाही, देवा. का ते मला माहीत नाही. पण घेत नाहीत."

"तू पण ना आत्या. टेन्शन नको घेऊस."

आणि नाव दिलं पोरीला.

मला मामांचा या एका गोष्टीसाठी अजून राग येतो. म्हातारं माणूस कारण सांगू शकत नाही म्हणून त्याचं ऐकायचंच नाही, हा आपला शहाणपणा.

पुढचे दिवस बरे गेले. लोक येत होते, ज्वारीच्या भाकरीचे फोटो काढत होते. पोरं काळवंडली, हाताला घट्टे पडले, केसांत माती. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती गप्प होत गेली. रोज तेच गवत, तीच माती, तीच पाण्याची रांग, समोर तीच थर्मोकोलची भिंत. मुकुल खूश होता. म्हणाला, "सर, हेच. वेढ्यातला शिपाई असाच होत असणार."

दुपारी गर्दी ओसरली की मामा चराच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे. तिथे त्यांना ते ऐकू यायचं.

टक... टक... टक...

जमिनीच्या आतून. कुदळीचा आवाज. घाई नाही, थांबणं नाही. आपलं काम करत राहिलेल्या माणसाचा.

त्यांनी रघुवीरला बोलावून ऐकवलं. त्याने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "सरजी, कोई खोद रहा है." मग आपणच म्हणाला, "ट्यूबवेल की मोटर होगी." ट्यूबवेल पार शेताच्या दुसऱ्या टोकाला होती.

मामांच्या एक गोष्ट लक्षात आली. संध्याकाळी ते यादी घेऊन उभे राहिले, पहिलं नाव पुकारलं, की आवाज थांबायचा. सतराव्या नावापर्यंत थांबलेला असायचा. जणू आतलं कोणीतरी हातातली कुदळ ठेवून कान देऊन उभं आहे, आपलं नाव येतंय का बघत.

सतरावं नाव आलं की शमिका म्हणायची, "हजर."

आणि टक-टक पुन्हा चालू व्हायची. जोरात.

त्या शेवटच्या दिवसांत मामा पोरीला चराजवळ फिरकू देत नव्हते. ती चिडायची. "बाबा, मी इंजिनिअर होणारे, खड्ड्याला काय घाबरायचं?"

आता १५ तारीख. महोत्सव आदल्या दिवशी संपला होता. तंबू उतरवले, बस येऊन उभी राहिली, पोरांनी तिळगूळ वाटला. जमीनमालकाला जमीन सपाट हवी होती, म्हणून रघुवीर जेसीबी चालू करून तयार. चर बुजवायचा आणि निघायचं. मामांचा एक वाजता क्लास होता, त्यांचं सारखं घड्याळाकडे लक्ष.

बुजवण्याआधी शेवटची हजिरी. सगळे वर आलेत ना, एवढंच बघायचं. जेसीबीच्या घरघरीत मामा मान खाली घालून नावं घेऊ लागले. पोरं रांगेत नव्हती. कोणी बसच्या दारात, कोणी सामान चढवतंय, तिथूनच ओ देतंय.

"निंबाजी बिन रायाजी."

"हजर, बाबा."

शमिकाचा आवाज. अगदी खांद्यामागून आला.

मामांनी खूण केली. पुढच्या नावावर बोट ठेवलं. आणि बोट तिथेच राहिलं.

शमिका इतक्या दिवसांत कधीच "हजर, बाबा" म्हणाली नव्हती. छावणीत बाबा म्हणायचं नाही, हा तिचाच नियम होता. तिथे ती मामांना "हजरनीसजी" म्हणायची.

मामांनी मागे वळून पाहिलं.

मागे कोणीच नव्हतं...

"शमिका कुठेय?"

"आत्ता तर बोलली सर," मुकुल म्हणाला.

आणि तेवढ्यात चराच्या आतून, पत्र्यांखालून, हाक आली. बारीक, रडवेली.

"बाबा... मी इकडे आहे."

मामा धावले. यादी मुकुलच्या हातात कोंबली. रघुवीरला ओरडून सांगितलं, "मी येईपर्यंत हात लावू नकोस. रुकना."

आणि आत उतरले.

उघडा चर संपला, पत्र्याखालचा अंधार लागला. मोबाइलचा उजेड टाकत ते वाकून पुढे गेले. पंधरा फूट. शेवटच्या टोकाला तीन धोंडे. निखारे अजून लाल होते. वर अर्धवट भाजलेली भाकरी.

शमिका नव्हती.

ते वळणार, एवढ्यात वरून रघुवीरची हाक ऐकू आली. "सरजी, बाहर आ गये क्या?"

मामांनी तोंड उघडलं. पण उत्तर आधीच दिलं गेलं.

वरून. उजेडातून. मामांच्याच आवाजात. वर्गात बोलतात तसा स्पष्ट, ठणठणीत.

"हो, हो, आलो. भर रघुवीर."

मुकुल सांगतो, त्यालाही तो आवाज बसच्या बाजूने आल्यासारखा वाटला. त्याने यादीच्या तळाशी मामांचं नाव लिहून खूण केली. एक पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. ती क्लिप माझ्याकडे आहे. "हो, हो, आलो" स्वच्छ ऐकू येतं. ज्या बाजूने येतं तिकडे नुसती मोकळी जमीन आणि पडलेले बांबू. ती क्लिप मागू नका. मी देणार नाही.

मातीचा पहिला लोट चराच्या तोंडाशी पडला आणि उजेड अर्धा झाला. दुसऱ्याला गेलाच.

मामा ओरडत सुटले. "मी आत आहे. रघुवीर, मी आत आहे." मोबाइल हातातून पडून मातीखाली गेला. तोंडात माती, नाकात माती, वर जेसीबीची घरघर. कोणाला ऐकू जाणार?

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ओरडणारे ते एकटे नाहीत.

शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, अजून कोणीतरी ओरडत होतं.

"म्या आत हाय... सरकार, म्या आत हाय..."

तोच जाडाभरडा आवाज. पहिल्या सकाळचा.

मामा थांबले. तो थांबला नाही. ओरडत राहिला, घसा फाटेपर्यंत. आणि त्या अंधारात मामांना कोणी न सांगता सगळं कळलं. सुरुंगाला बत्ती देण्याआधी बाहेर हजिरी झाली असणार. हजरनिसाने मान वर केली नसणार. निंबाजीच्या नावाला कोणीतरी सहज ओ दिली असेल, मित्राने, झोपेत असलेल्याने, कोणीही. बत्ती लागली. नंतर मोजणीत माणूस भरेना, तेव्हा आपली चूक झाकायला हजरनिसाने लिहिलं... फितूर होऊन किल्ल्यात गेला.

ओरडणं थांबलं.

मातीचा आणि जळक्या दारूचा वास आला. मामांच्या कानाशी कोणीतरी श्वास घेत होतं.

"माझी लेक वेशीत बसून राहिली," तो आवाज म्हणाला. "बाप येतो म्हणून. तिला सांगितलं, बाप फितूर निघाला. धोंडे मारून गावाबाहेर काढलं तिला. तरी रोज येऊन बसायची."

मामांना हात जोडायचे होते. हात हलत नव्हते.

"आता तू बस."

एवढंच. त्यानंतर काही नाही.

शमिका खरोखर होती ट्यूबवेलवर. भांडी घासत होती, मोटरच्या आवाजात तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. बादली घेऊन आली तर रघुवीर चराचं तोंड बुजवून आता पत्र्यांवर जेसीबी घालणार होता. तसं झालं असतं तर पत्रे बसले असते, आणि खालचा माणूसही.

"बाबा कुठेत?"

"इथेच आहेत ना, आत्ता बोलले," मुकुल म्हणाला.

"बोलले. पण दिसले का?"

कोणाला दिसले नव्हते.

शमिकाने बादली टाकली आणि थेट जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "बंद कर भिया. आमच्या घरात आवाजाची हजिरी चालत नाही."

मामांना बाहेर काढायला अकरा मिनिटं लागली. पोरांनी हातांनी माती उपसली, त्यांचे दहा दिवसांचे घट्टे कामाला आले. मामा बाहेर आले तेव्हा शुद्धीत होते. त्यांनी सगळ्यात आधी पोरीची हनुवटी धरली, तोंड वर केलं आणि बघत राहिले. मग रडले. मी मामांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

चर दोन दिवसांनी पूर्ण उकरून पाहिला. चूल नव्हती. मोबाइल सापडला.

घरी आल्यावर मामांनी तो जुना कागद काढला. रेघेच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "निंबाजी बिन रायाजी फितूर नव्हता. आत होता. आम्ही तोंड पाहिलं नाही." त्याच्या लेकीसाठी नर्मदेवर जाऊन पाणी सोडलं. दसऱ्याला सगळ्यांना बोलावून बत्तीसही नावं मोठ्याने वाचली, प्रत्येकाच्या नावाने आपट्याचं पान ठेवलं. सतरावं नाव घेताना मामांनी मान वर करून सगळ्यांची तोंडं बघितली.

कोणी ओ दिली नाही.

आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मामी म्हणाल्या, "सुटला बिचारा."

इंदिराआत्याला तेवढं ते पटलं नव्हतं. निघताना जिन्यात मला म्हणाली, "अरे प्रणव, चूक कबूल केली म्हणजे फेड झाली, असं कोणी सांगितलं यांना? त्याने काय मागितलं होतं? कागद मागितला होता का?"

तेव्हा मी तिच्यावर वैतागलो होतो.

दसऱ्याच्या आधीच शमिकाला नोकरी लागली होती. पहाडी मुलखात रस्त्याचा बोगदा खणतायत, तिथे साइट इंजिनिअर. मामांनी अन्नपाणी सोडलं होतं. जाऊ नकोस म्हणून पाया पडायचे बाकी राहिले होते. पण शिकलेली पोर, तिने किती दिवस घरी बसायचं? शेवटी मामांनी एकच अट घातली. रोज दुपारी एक वाजता व्हिडिओ कॉल. तोंड दाखवायचं. आणि "हजर" हा शब्द आयुष्यात परत उच्चारायचा नाही.

तिने पाळलं. रोज एक वाजता हेल्मेट घातलेलं ते तोंड दिसायचं, कधी जीभ काढून दाखवायची, कधी डब्यातली भेंडी. मामा तेवढ्यावर जगायचे.

परवा एक वाजता फोन आला. स्क्रीन काळी होती.

"व्हिडिओ लाव बेटा," मामा म्हणाले.

"रेंज नाहीये बाबा. चेहरा नाही दिसणार."

मग जरा थांबून, "पण मी हजर आहे ना."

मामांनी पिशवीही भरली नाही. तसेच एअरपोर्टला गेले.

इथून मी फोन लावत राहिलो. फोन लागतो. उचललाही जातो. मी म्हटलं, "शमे, मस्करी पुरे, तोंड दाखव."

"रेंज नाही, प्रणवदादा."

शमिकाने मला जन्मात दादा म्हटलेलं नाही. मी तिच्यासाठी पन्या आहे. मी फोन कानाला धरून बसलो. लांब कुठेतरी, खोल...

टक... टक... टक...

मी तिचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. आवाज थांबला. कोणीतरी ऐकत होतं. मी फोन ठेवून दिला. भित्रा म्हणा हवं तर.

आज सकाळी मामांचा मेसेज आला. तो जसाच्या तसा लिहितो.

"पोचलो. इथले लोक चांगले आहेत, चहा दिला. म्हणतात परवा आत थोडी माती घसरली, पण त्याआधी सगळ्यांना बाहेर काढून नावं पुकारली होती. शमिकाचं नाव दोन्हीकडे आहे, आत गेलेल्यांत आणि बाहेर आलेल्यांत. नाव घेणाऱ्याला भेटलो. तिने ओ दिली म्हणतो, त्याने स्वतः ऐकली. मी विचारलं, तोंड पाहिलंस का? म्हणाला, नजर यादीत होती. आता माती काढतायत. मला बाहेर थांबायला सांगितलंय. बसलोय."

मी लगेच फोन केला. मामांनी उचलला नाही. मी त्यांना लिहिलं की मामा, एक फोटो पाठवा, तुमचं तोंड दिसू दे.

अजून आलेला नाही.